वारासिवनीहून हिमनदीकडे

आमच्या वारासिवनीत बर्फ दिसतो तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. भोवती धानाच्या बांध्या, बालाघाटला जाताना लागणारी वैनगंगा, आणि गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर. बीई करून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेला मी दिवाळीत घरी आलो आणि म्हणालो, "मला हिमनदीवर चालायला शिकायचंय." आईने चिवड्याचा डबा परत बंद केला.

सह्याद्रीतले किल्ले आणि हिमालयातले दोन ट्रेक झाले होते. पुढे काय, याचे दोन पर्याय समोर होते. एक, खासगी कंपनीसोबत लाहौलमधलं ६,१११ मीटरचं यूनाम शिखर; आठ-दहा दिवसांत घरी. दुसरा, १९६५ साली स्थापन झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स. त्यात शिखर नाही आणि रजा महिनाभराची. मन अर्थातच पहिल्याकडे धावत होतं. सहा हजार मीटरवरचा फोटो कोणाला नको?

बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेतात धुऱ्यावरून चालताना मात्र त्यांनी विचारलं, "इथं पाय घसरला तर चिखल धरतो. तिथं घसरलास तर कोण धरणार?"

घरी येऊन मी कंपनीचं वेळापत्रक नीट वाचलं. आइस ॲक्स आणि क्रॅम्पॉनचा सराव एक दुपार, बाकी सगळं चालणं. फोन करून चार प्रश्न विचारले. शिकवणारे कुठे शिकलेत? एका प्रशिक्षकामागे किती जण? बर्फावर किती दिवस? हवा बिघडली तर परत फिरायचं कोण ठरवणार? उत्तर एकच आलं, "सर, समिट नक्की होईल." तिथेच माझा निर्णय झाला.

आईचा प्रश्न जास्त अवघड होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ शिखरावर याच संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाचं पथक हिमस्खलनात सापडलं आणि वीसहून अधिक जण गेले. ती बातमी तिला आठवत होती. मी काही लपवलं नाही. कोर्स केला म्हणून डोंगर सुरक्षित होत नाही. पण न शिकता त्याच डोंगरावर जाणं जास्त धोक्याचं, एवढंच सांगितलं. ती दोन दिवस गप्प राहिली. निघताना बॅगेत चिन्नोर तांदळाच्या पोह्यांची पुडी मिळाली, तीच परवानगी समजलो.

मे महिन्यात आधी तेखलाच्या खडकांवर चढाई शिकलो आणि मग डोकरियानी बामक हिमनदीवर गेलो. तिथे उतारावरून मुद्दाम घसरायचं, झटकन पालथं व्हायचं, ॲक्सचं टोक बर्फात रुतवून छातीचा भार त्यावर टाकायचा. पायात क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलायचे, नाहीतर दाते अडकून माणूस उलटतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी खालपर्यंत घरंगळलो. कितव्या प्रयत्नात थांबलो ते आठवत नाही, पण थांबलो.

तुम्हीही असा बेत करत असाल तर शिखराची उंची नंतर बघा. आधी ते चार प्रश्न विचारा.

उत्तरकाशीला उतरल्यावर पहिला फोन बाबांना केला. "शिखर नाही झालं," म्हटलं, "पण घसरलो तर आता मला थांबता येतं."

"मग झालं तर," बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.