घसरण्याची शिस्त

मुलगा सारी संध्याकाळ टीव्हीसमोर बसून एकाच वळणावर गाडी घसरवत असतो. घरातल्या मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण घटकाभर शेजारी बसून पाहावे.

१९९७ साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ आला. या मालिकेत गाडी नुसती पळवायची नसते. तिचे स्प्रिंग, गिअर, ब्रेक आपणच जुळवायचे असतात. नवखा खेळाडू आधी इंजिनाची ताकद वाढवतो आणि वळणावर भोवऱ्यासारखा गरगरतो. मुरलेला मात्र मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, जुनी टोयोटा निवडतो. मागचे स्प्रिंग किंचित कडक करतो, फेरी मारतो, मगच दुसऱ्या गोष्टीला हात लावतो. एका वेळी एकच बदल केला, म्हणजे चूक कुठे झाली ते कळते.

वळणावर ॲक्सिलरेटर सोडताच गाडीचा भार पुढे येतो, मागची चाके पकड सोडतात. मागचा भाग ज्या बाजूला घसरतो, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवून, ॲक्सिलरेटर बेताने दाबत तोल सांभाळायचा. घाबरला तो आपटला!

जपानी तरुण हे घाटरस्त्यांवर खऱ्या गाड्यांनी करीत. केइची त्सुचिया तिथूनच पुढे येऊन नामवंत शर्यतपटू झाले. पण घाटात एका चुकीची किंमत समोरून येणारा निरपराध माणूसही मोजतो. पडद्यावर शंभरदा आपटून शिकता येते.

म्हणून मुलाला उठवण्यापूर्वी एवढेच विचारावे, ‘आज गाडीत काय बदललंस, आणि का?’ उत्तर नीट आले, तर संध्याकाळ वाया गेलेली नाही.