आडनाव : नाखवा

पहाटे पाचला मुंबईत जागं कोण असतं? कॉल सेंटरवाले, दूधवाले आणि ससून डॉक! वीकेंडची साखरझोप मोडून मी कुलाब्याला पोचले, तर १८७५ साली बांधून झालेल्या या गोदीत अक्षरशः जत्रा भरलेली. बर्फाच्या गाड्या, मासळीच्या पाट्या, कोळणींचे खणखणीत आवाज. (जाणार असाल तर जुनी चप्पल घाला. माझे नवे सँडल कामातून गेले.)

मला घेऊन आली होती बीएमएमची मैत्रीण. आडनाव नाखवा. तीन वर्षं एका बाकावर बसलो, पण अर्थ विचारायचं कधी सुचलंच नाही. ‘‘अगं, नाखवा म्हणजे बोटीचा मालक,’’ ती म्हणाली. ‘‘सुकाणू धरतो तो तांडेल, बाकीचे खलाशी.’’

शब्द मूळचा फारसी. नाखुदा, म्हणजे ‘नाव’ अधिक ‘खुदा’. यातली नाव आपलीच, संस्कृत ‘नौ’च्या नात्यातली. खुदा म्हणजे मुळात धनी. देव हा अर्थ त्यातूनच. वेरावळच्या १२६४ सालच्या संस्कृत आणि अरबी शिलालेखांत होर्मुझचा नाखुदा नुरुद्दीन फिरोज भेटतो, मशिदीसाठी दान देणारा. इंडोनेशियात जहाजाचा कप्तान आजही ‘नाखोडा’च. व्यापाऱ्यांबरोबर शब्द बंदरोबंदरी फिरला आणि आपल्या कोळीवाड्यात नाखवा झाला. तसं बघितलं तर ‘बंदर’ही फारसी आणि ‘सुकाणू’ अरबीतून आलेला. समुद्राला भाषेची सरहद्द नसावी बहुतेक.

हे सगळं ज्ञान मी तिच्या बाबांसमोर पाजळलं. काका हसले. ‘‘धनी? डिझेलचं आणि बर्फाचं बिल आलं ना, की कळतं धनी कोण ते!’’ मग जाळं आवरता आवरता सहज बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘बोट विकायला काढलीये. जूनची मासेमारी बंदी लागायच्या आत व्यवहार होईल.’’ मुलगी जाहिरात कंपनीत, मुलगा पुण्यात आयटीत. चालवणार कोण?

मैत्रिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, आता रडणार. तिनं चपला काढल्या, बोटीवर चढली आणि सुकाणूवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

‘‘एक सीझन थांबा ना, बाबा.’’

काकांनी उत्तर दिलं नाही. माझ्या हातात पापलेटांची पिशवी ठेवली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.