टो हिरवा, कास्टर कोरा

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दादाच्या जिमनीला आज लिफ्ट किट बसलं. चार लांब कॉइल स्प्रिंगा, त्यांच्या मापाचे शॉकअप, ब्रेकच्या होजला ताण पडू नये म्हणून खाली सरकवणाऱ्या पट्ट्या आणि लांब बंपस्टॉप. खोक्यावर ५० मिलिमीटर असं छापलंय. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, छापील आकडा मोजल्याखेरीज मला पटत नाही. गाडी आत घेण्याआधीच चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची अंतरं वहीत लिहून ठेवली होती. संध्याकाळी पुन्हा टेप लावली. वाढ पुढे ५७ आणि ५५, मागे ५२ आणि ५३. स्प्रिंगा कोऱ्या आहेत, चार दिवस ओझं घेतलं की थोड्या बसतील.

गाडी उचलायला हवी हे माझंही मत होतं. गगनबावड्याच्या वरच्या अंगाला आईचं घर आहे. शेवटची वाट जांभ्याच्या कातळावरून जाते आणि दर पावसाळ्यात तिची माती धुऊन कातळाचं कूबड आणखी वर येतं. आपल्याकडची पाच दरवाजांची जिमनी तीन दरवाजांच्या जिमनीपेक्षा व्हीलबेसला ३४० मिलिमीटर लांब आहे, २५९०. पुढची चाकं कूबड ओलांडतात आणि पोट अडकतं. स्प्रिंगनं पोट वर येतं, मात्र डिफरन्शिअल ॲक्सलवरच असल्यानं ते जमिनीपासून होतं तिथंच राहतं. ते उचलायचं तर टायर मोठे हवेत. किट विकणारे हा फरक सांगत नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते.

कायद्याचंही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. दादा आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणार आहे. त्याचं उत्तर येईपर्यंत मोठ्या टायरचा विषय काढायचा नाही, असं ठरलं.

१० नोव्हेंबर, रविवार

साळवणपर्यंत जाऊन आले. स्टिअरिंग कललेलं आहे, गाडी सरळ धावत असताना त्याची आडवी दांडी तिरकी दिसते. ते एकवेळ चालेल. काळजी वेगळीच आहे. कळ्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तशी गाडी तरंगायला लागली. समोरून एसटी गेली की वाऱ्यानं ढकलल्यासारखी बाजूला जाते, आणि तिला परत आणताना हात जरा जास्त वळतो, मग पुन्हा उलटा. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपलं आपण सरळ होत नाही, हातानं आणावं लागतं.

दादा म्हणाला, “उंच झाली की थोडं असं होणारच गं. सवय होईल.”

सवय झाली तर मला जास्त भीती वाटेल. आईला घेऊन हाच रस्ता करायचा असतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर अलाइनमेंट करून घेतली. कुठं, ते लिहीत नाही. मशीन थ्रीडी होतं, चारही चाकांना पकडी आणि त्यांवर चौकोनी टार्गेट, समोरच्या खांबावर कॅमेरे. पोरानं हवा तपासली, गाडी मागेपुढे ढकलली, खाली शिरून नट ढिले केले. पडद्यावरचे लाल पट्टे हिरवे झाले. “झालं ताई.”

कागद हातात घेतला. टोचे, म्हणजे चाकं वरून पाहता आत-बाहेर किती वळलीत त्याचे, आकडे आधी आणि नंतरचे, दोन्ही हिरवे. कॅम्बरचे, म्हणजे समोरून पाहता चाक किती कललंय त्याचे, आकडे. कास्टरच्या रकान्यात मात्र काहीच नाही.

मी विचारलं, “कास्टर का नाही आला?”

“ह्या गाडीत कास्टर होत न्हाई ताई. फक्त टो होतो.”

होत नाही म्हणजे कंपनीनं तो फिरवायला सोय दिलेली नाही, हे बरोबर. पण मोजायला काय हरकत होती? मोजायचा तर स्टिअरिंग ठरावीक अंश डावीकडे, मग उजवीकडे फिरवावं लागतं (यालाच स्विंग म्हणतात), पुढची चाकं फिरत्या ताटल्यांवर असावी लागतात, आणि ब्रेक दाबून धरावा लागतो. दोन-चार मिनिटांचं काम आहे. घाई असली की हीच पायरी गळते. मूळ उंचीच्या गाडीला ती गळाली तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. उचललेल्या गाडीत नेमकं तिथंच बिघडलेलं असतं.

स्टिअरिंग सरळ झालंय. गाडी तशीच तरंगतेय.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रात्री दादाला कागदावर काढून दाखवलं. सायकलचा चिमटा खाली पुढं झुकलेला असतो, त्याची रेषा लांबवली तर ती जमिनीला जिथं टेकते, त्याच्या मागं टायर टेकलेला असतो. म्हणून चाक रेषेच्या मागं ओढलं जातं आणि सरळ राहतं, हात सोडूनही सायकल चालवता येते त्यात याचा वाटा असतो. गाडीचं पुढचं चाक ज्यावर बसतं तो नकलही असाच किंचित मागं कललेल्या आसाभोवती फिरतो. हा कल म्हणजे कास्टर.

जिमनीला पुढेही अखंड ॲक्सल आहे. तो दोन लांब आर्मनी चासीला धरलेला असतो आणि त्या आर्मच्या मागच्या टोकाभोवती वरखाली होतो. चासी वर गेली की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर सगळा ॲक्सल किंचित फिरतो. नकलचा वरचा भाग पुढं येतो, कल कमी होतो. स्प्रिंग जितकी लांब तितका कास्टर कमी. त्यात कुणाची चूक नाही, ही भूमितीच आहे. कॅम्बर मात्र ॲक्सलच्या घडणीतच पक्का असतो, उंचीनं तो बदलत नाही. तो बिघडलेला दिसला तर ॲक्सल वाकलाय किंवा किंगपिनचे बेअरिंग गेलेत, असं समजायचं.

दादा बराच वेळ चित्र बघत होता. मग म्हणाला, “मग टो बरोबर करून उपयोग काय झाला?”

उपयोग झाला. टायर घासणार नाही. पण गाडी सरळ पळायला तेवढं पुरत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं गेलो. पूर्वी जिप्सीवर त्यांचा हात बसलेला, आता जिमनी येतात. त्यांनी किटचं खोकं बघितलं नाही. आधी गाडी सपाट फरशीवर उभी करायला लावली, हवा चारही चाकांत सारखी केली, मागचं सामान उतरवलं. मग गवंड्याचा ओळंबा काढला.

मडगार्डच्या काठाला दोरा धरला, शिसाचं वजन हलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि दोऱ्यापासून टायरच्या बगलेचं अंतर पट्टीनं घेतलं. डाव्या बाजूला २१, उजव्या बाजूला १२. मी न विचारताच ते बोलले, “ॲक्सल ड्रायव्हरकडं सरकलाय. पॅनहार्डनं ओढलाय बघा.” ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला उजवीकडं आणि दुसरं ॲक्सलला डावीकडं. चासी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो, लांबी तेवढीच असल्यानं आडवं अंतर घटतं आणि ॲक्सल उजवीकडं येतो. दोन बाजूंतला फरक ९, म्हणजे ॲक्सल साडेचार मिलिमीटर सरकला. एवढ्यासाठी ॲडजस्टेबल रॉड नको, असं त्यांचं मत. मलाही पटलं. उंची १०० असती तर वेगळं बोलले असते.

स्टिअरिंग चाकांशी जोडणारी ड्रॅग लिंकही त्याच तिरकेपणानं ओढली जाते, म्हणून पहिल्या दिवशी स्टिअरिंग कललं होतं.

त्यानंतर शेजारच्या मशीनवर कास्टर मोजून घेतला, या वेळी स्विंगसकट. डावा जेमतेम अर्धा अंश, उजवा त्याहून किंचित जास्त. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. अंगाला जाणवत होतं ते त्याला आता आकड्यात दिसलं.

उपाय ठरला. आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकाला प्रत्येकी दोन रबरी बुश असतात, ते काढून त्या जागी ऑफसेट बुश घालायचे, म्हणजे ज्यांचं भोक मधोमध नसून बाजूला असतं असे. दादानं विचारलं, “जेवढा गेलाय तेवढा सगळा परत आणायचा का?”

“सगळ्याच्या मागं लागू नका. ॲक्सल मागं फिरवला की डिफरन्शिअलचं नाक खाली जातंय. मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट वाकडा चालतो, फोर एचला थरथर येती. दोन अंश परत आणू, गाडी हातात बसती.”

एक कोन सुधारला की दुसरा बिघडू शकतो, हे कुणी आपण होऊन सांगितलं की त्या माणसावर माझा विश्वास बसतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. उद्यमनगर बंद. बुश काल आले, घरी मोजून बघितले, चारही सारखे आहेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज मतमोजणी. वर्कशॉपमध्ये टीव्ही चालू होता आणि बाहेर फटाके, पण काम थांबलं नाही.

जुने बुश सहज निघत नाहीत. बाहेरचं लोखंडी कवच आर्मच्या डोळ्यात घट्ट बसलेलं असतं. मिस्त्रींनी शेजारच्या लेथवरून मापाची एक बाही करून आणली, आर्म हायड्रॉलिक प्रेसखाली धरला आणि दाब दिला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग गोळी सुटल्यासारखा आवाज आला आणि बुश एकदम खाली आला. नव्या बुशच्या कडेला भोक कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारी खूण असते. एका बुशची खूण वर, दुसऱ्याची खाली, आणि दोन्ही आर्मना अगदी सारखी. एका आर्मची खूण चुकली तर दोन्ही बाजू ॲक्सलला वेगवेगळ्या कोनात पिळतील आणि गाडी एका बाजूला ओढेल. मिस्त्रींनी पांढऱ्या रंगानं रेषा मारली, प्रेस करताना दोनदा थांबून ती तपासली, आणि त्यांच्या पोराला खाली वाकून बघायला लावलं. मीही बघितलं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना फक्त हातानं लावले. गाडी खाली घेतली, पुढून-मागून दाबून हलवली, चाकांवर पूर्ण ओझं आलं, आणि मगच टॉर्क रेंचनं आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ९ तारखेला किट बसवताना हे झालं होतं का, ते आता सांगता येत नाही. म्हणून मिस्त्रींनी मागच्या आर्मचेही बोल्ट सोडून जमिनीवर पुन्हा आवळले.

मग अलाइनमेंट, ठरलेल्या क्रमानं. आधी कास्टर मोजला: डावा अडीच अंशांच्या आसपास, उजवा त्याच्या जवळच. टो पुन्हा हलला होता, तो टाय रॉडवर बसवला. स्टिअरिंग मधोमध आणलं ते ड्रॅग लिंकवर. टाय रॉड दोन चाकांमधलं नातं ठरवतो, ड्रॅग लिंक स्टिअरिंगचं चाकांशी असलेलं. हे दोन वेगळे ठेवले की गोंधळ होत नाही. शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग सेन्सरचं शून्य नव्यानं नोंदवलं. ते चुकीचं राहिलं तर सरळ रस्त्यावरही गाडीच्या कॉम्प्युटरला आपण वळतोय असं वाटतं आणि इएसपी नको तिथं मध्ये पडू शकतं.

कागद मिळाला, एकही रकाना कोरा नाही. फाइलला लावला.

२४ नोव्हेंबर, रविवार

करूळ घाट कामासाठी बंद, म्हणून भुईबावड्यानं खाली उतरून परत आलो. गाडी मीच चालवली. वळण संपलं की हात सैल सोडायचा, स्टिअरिंग तळहाताखालून सरकत मधोमध येतं. ते येताना बोटांना जाणवतं. गेले दोन आठवडे हेच हरवलं होतं. सपाटीवर ऐंशीच्या वेगात एसटी शेजारून गेली, गाडी जागची हलली नाही. आई मागच्या सीटवर झोपली होती.

घराकडच्या वाटेवर माती लागली तसा फोर एच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर, टाकला, डांबरावर तो लावायचा नसतो. थरथर नाही. कूबडावरून पोट न घासता गेलं.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. मिस्त्रींना दुपारी नरसोबाच्या वाडीला जायचं होतं, म्हणून सकाळी सातलाच बोलावलं. स्प्रिंगा अपेक्षेप्रमाणे बसल्या, पुढे आता ५१ आणि ५०, मागे ४९ आणि ४९. उंची उतरली म्हणजे कोनही हलले असणार. कास्टर किंचित वाढला, चांगलंच झालं. टो थोडा गेला होता, तो बसवून घेतला. सगळे बोल्ट पुन्हा तपासले. हेडलाइट भिंतीवर पाडून खाली आणले. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांवर आपला झोत जायला नको.

आरटीओचं उत्तर अजून यायचंय. दादा मिस्त्रींना टायरचं विचारत होता. मिस्त्रींनी मला विचारलं, “ताई, काय करायचं?” मी म्हटलं, कागद येऊ दे. आला तर टायर बसवण्याच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजायचं, स्विंगसकट.