गड चढा, पण सावलीच्या अंगाने

सुगी आटोपली, शाळांना सुट्या लागल्या, की मुले गडावर जाण्याचा हट्ट धरतात. जरूर न्या, पण उन्हाळ्यात गडाची उंची पाहू नका, सावली पाहा.

आपल्याकडचा काळा कातळ दिवसभर तापतो आणि तिन्हीसांजेनंतरही धग सोडत नाही. डोंगराच्या पश्चिम अंगाला सकाळी सावली असते, पूर्व अंगाला दुपार कलल्यावर. त्या बेताने वाट धरा. मेच्या मध्यास मात्र सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा भर दुपारी कड्याचा आडोसा मिळत नाही.

वाईजवळच्या कमळगडाची वाट रानातून जाते. माथ्यावर कावेची विहीर आहे. पायऱ्या उतरत गेले की तांबड्या मातीचा गारवा अंगाला लागतो. नांदगिरीच्या कल्याणगडाच्या पोटात पाण्याची गुहा आहे, बॅटरी न्यावी. पाटणजवळच्या दातेगडावर तलवारीच्या आकाराची कातळात खोदलेली विहीर पाहावी. सांगलीकडच्या मंडळींना मिरजेजवळचा दंडोबा सोयीचा. तेथे डोंगरात कोरलेले महादेवाचे देऊळ आहे.

तांबडे फुटताच निघा, दहाच्या आत सावली गाठा. पाणी भरपूर घ्या, सोबत मीठ-साखर ठेवा. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर विडी, धूर, आरडाओरडा नको. कोणाचे अंग भाजू लागले, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर सावलीत निजवा, अंग ओले करून वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

भर उन्हात आपण बैलाचेही औत सोडतो. मग मुलांना का चालवावे?