पिस्तूल ड्रॉवरमध्ये असतं

चि. निखिल यास,


पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करतोयस, असं ताईकडून कळलं. पेढीवर सोनं असतं, रात्री हिशेबाला उशीर होतो. तुझी भीती खोटी नाही. पण अर्जावर सही करण्याआधी एक गंमत कर. दुकानातल्या कुणाला तरी तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांग. तू खाली, शून्यापाशी चिमूट उघडी ठेव. त्यानं न सांगता पट्टी सोडायची, तू पकडायची. वीसच्या खुणेवर पकडलीस तर सेकंदाचा पाचवा भाग गेला. आता त्याच्या दोन्ही हातांत एकेक पट्टी दे. कोणती सुटणार ते तुला ठाऊक नको. वेळ वाढेल. पर्याय वाढले की मेंदू रेंगाळतो, हे हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५२ मध्येच मोजून दाखवलंय. आणि इथे तर तू पट्टीवर डोळे लावून बसला आहेस. गिऱ्हाइकाला मंगळसूत्राच्या वाट्या दाखवताना कुठला बसायला!

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलात डेनिस ट्युलर नावाचे सार्जंट होते. कमरेचं पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला तयारीच्या पोलिसालाही साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात सुरा घेतलेला माणूस किती अंतर कापेल? माणसं पळवून पाहिली, तर एकवीस फूट! १९८३ मध्ये त्यांनी ते लिहून छापलं. पुढे अनेकांनी त्याचा 'एकवीस फुटांचा नियम' करून टाकला, तो भाग वेगळा.

तुझ्या काउंटरपासून दार जेमतेम बारा फूट. पिस्तूल कमरेला नाही, कुलपातल्या ड्रॉवरमध्ये राहणार. समोरच्याचं हत्यार मात्र आधीच बाहेर आलेलं, आणि काय करायचं ते तो ठरवूनच आत शिरलेला. तू ड्रॉवरकडे हात नेलास की त्याला निमित्तच मिळालं.

कायदा तुझ्या बाजूचा आहे, हे खरं. जबरी चोरीच्या वेळी मालमत्ता वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ तुला संरक्षण देतं. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, असं कलम ३७ बजावतं. नेमकी गरज किती होती याचा कीस पुढे कोर्टात पडतो, तुला तो त्या दीड सेकंदात पाडायचा असतो. शिवाय बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला गोळी लागली तर?

तेव्हा मागेल ते देऊन टाक. हात दिसतील असे ठेव आणि प्रत्येक गोष्ट आधी बोलून मग कर: "किल्ली खिशात आहे, काढतो." तोंड झाकलेलं असेल, पण उंची, चाल, बोलण्याची ढब, गाडी कुठली हे टिपता येतं. तो गेला की शटर ओढ आणि ११२ ला फोन लाव. पाठलाग अजिबात नको.

पिस्तुलात घालणार ते पैसे दुहेरी दारात आणि पायानं दाबायच्या, आवाज न करणाऱ्या अलार्ममध्ये घाल. दिवाळीच्या गर्दीआधी दोन्ही बसवून घे, आणि मालाच्या विम्याची मुदत संपलेली नाही ना, तेवढं आजच बघ.

तुझा,
मामा