खिशातली बॅटरी

सुट्टीवरून परतणाऱ्या जवानाच्या ट्रंकेत पूर्वी लाडू, लोणचं आणि फार तर बिडीचं एखादं बंडल निघायचं. आता कधीकधी ई-सिगारेट निघते. २०१९च्या कायद्याने भारतात तिचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. तरी ती येते, आणि पेन किंवा पेनड्राइव्हसारखी दिसत असल्याने चटकन ओळखू येत नाही.

लडाखमधल्या एका हिवाळ्यात माझ्या युनिटमध्ये अशी तीन यंत्रं जमा झाली. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नीट पाहिली.

पहिलं जाड पेनाएवढं. एक बटण, आतली बॅटरी काढता न येणारी. दुसरं पेनड्राइव्हएवढं. त्याला बटणही नाही. ओढलं की आपोआप चालू होतं. बॅटरी सगळ्यात लहान, पण निकोटिनचा मारा तेवढ्यावरही भरपूर, आणि लपवायला सर्वांत सोपं. तिसरं मुठीएवढा डबा. ‘साहेब, ह्याला स्क्रीन बी हाय,’ त्याचा सातारकडचा मालक कौतुकाने म्हणाला. स्क्रीनवर वॅट कमीजास्त करता येत होते. आत १८६५० जातीचे दोन सुटे सेल होते, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. आपल्या चांगल्या टॉर्चमध्ये असतात तेच.

पोरं आकार आणि सोयी बघून यंत्र निवडतात. मला बघायचं होतं ते बिघडल्यावर काय करेल.

चांगल्या यंत्रात जादा चार्जिंग आणि शॉर्टसर्किट रोखणारं सर्किट असतं. स्वस्त मालात ते असेलच असं नाही. सुट्या सेलचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलेलं असेल आणि तो खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर पडला, तर तिथेच शॉर्ट होतो. सेल तापतो, त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणखी भडकते, वायू साठतो. यंत्र नळीसारखं असलं तर तो वायू टोकाकडून सुटतो. एका बाजूने बंद नळीत दाब वाढला की काय होतं, हे फौजी माणसाला सांगायला नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या अशा आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले.

आमच्याकडे त्यात थंडीची भर. शून्याखालच्या तापमानात लिथियम सेल चार्ज केला तर आत लिथियम धातूचा थर जमतो आणि पुढे कधीतरी तोच आतल्या आत शॉर्ट करू शकतो. संध्याकाळी जनरेटर सुरू झाला की जो तो बाहेरून आणलेली गार वस्तू थेट चार्जरला लावतो. शेजारी रॉकेलची बुखारी, नायलॉनच्या स्लीपिंग बॅगा आणि फायबरच्या झोपडीत आठ माणसं. पेटता लिथियम सेल थंड करायला भरपूर पाणी लागतं. आमचं पाणी पिंपात गोठलेलं, आणि अग्निशमनची गाडी तिथवर येत नाही.

तिन्ही यंत्रं नियमाप्रमाणे पोलिसांकडे जमा झाली. तोवर सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून सगळं वाळूच्या डब्यात, झोपड्यांपासून लांब ठेवलं होतं. सैनिक संमेलनात व्यसनाबद्दल डॉक्टर बोलले, बॅटरीबद्दल मी बोललो. मोबाइल आणि पॉवर बँकसाठीही तेव्हापासून एकच नियम आहे: चार्जिंग एकाच जागी, पत्र्यावर, जागत्या माणसाच्या नजरेखाली. वस्तू आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. स्लीपिंग बॅगेत चार्जिंग बंद.

निवृत्त मंडळींना एक विनंती. घरातल्या तरुणाकडे असं ‘पेन’ सापडलं, तर व्यसनावर बोलालच. पण त्याआधी ते रात्री कुठे चार्ज होतं ते बघा. उशीखाली असेल, तर आधी तिथून उचला.