हनुवटीपर्यंत

दिवाळीआधी घराला रंग द्यायला माणूस येतो, तेव्हा त्याला मी दरवर्षी एकच सूचना देतो : माजघराच्या दाराची उजवी चौकट सोडून बाकी काय हवं ते रंगव. त्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. दर पाडव्याला लेकीला चौकटीला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर फूटपट्टी धरायची आणि रेघ ओढायची, हा आमच्या घरचा बारा वर्षांचा रिवाज. त्याच चौकटीवर एक रेघ माझीही आहे. ती एकच आहे. कारण माझी उंची ठरून गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. पाच फूट तीन इंच. दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला लेकीची रेघ माझ्या रेघेच्या वर गेली. त्या दिवशी मी तिला ओवाळणी जरा जास्त घातली आणि संध्याकाळपर्यंत फार मोठ्या मनाने वागलो.

बुटक्या माणसाला आपल्या बुटकेपणाचा विसर पडू नये, याची काळजी सारं जग घेत असतं. शाळेत कवायतीच्या रांगेत मी कायम पहिला. आईला बरीच वर्षं वाटे की हा हुशारीमुळे पहिला आहे. पुढे मास्तर झालो, तर माझ्या कारकिर्दीत फळ्याचा वरचा वीतभर भाग कोराच राहिला. हे मी नेहमी हसून सांगतो. पण ते हसणं कमावलेलं आहे, हे गुलमर्गला जाईपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही बापलेक तिथे स्की शिकायला गेलो. हट्ट लेकीचा. सौ. म्हणाली, "मला बर्फ फ्रीजमधला पुरतो," आणि माहेरी निघून गेली. टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधून घेतल्या आणि बर्फाने वाकलेल्या झाडांमधून वळणं घेत आम्ही सुमारे २६५० मीटर उंचीवरच्या त्या कुरणात पोचलो. दोन दिवस बर्फ पडून नुकतंच थांबलं होतं. मुलं लाकडी ढकलगाड्या ओढत "साब, स्लेज?" म्हणून मागे लागली होती. मला त्या गाडीत बसायचं नव्हतं. गाडीत बसणं हे म्हाताऱ्यांचं काम, असं माझं मत झालं होतं.

स्की भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात बुखारी पेटलेली होती, आणि भिंतीला टेकून शंभरेक स्की उंचीच्या क्रमाने उभ्या होत्या; थेट आमच्या शाळेतल्या प्रार्थनेसारख्या. फिरन घातलेल्या त्या दुकानदाराने आम्हांला चार गोष्टी विचारल्या : उंची, वजन, वय, आणि "पहले किया है?" लेक म्हणाली, "नाही, पहिल्यांदाच." मी म्हणालो, "थोडा-बहुत." लग्नानंतर मनालीला गेलो होतो, तेव्हा सोलंगला अर्धा तास त्या पाट्या पायात अडकवून मी फोटो काढून घेतला होता. म्हणजे 'थोडा-बहुत' यातला 'थोडा' खरा होता.

त्याने लेकीच्या शेजारी एक स्की उभी केली. टोक तिच्या हनुवटीच्या जरासं वर आलं. दीडशे सेंटिमीटर. मग माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. आपादमस्तक पाहायला माझ्या बाबतीत फार वेळ लागत नाही. त्याने १४५ ची काढली आणि लेकीच्या स्कीशेजारी ठेवली. तीन बोटं आखूड! पोरीपेक्षा आखूड स्की घेऊन मी त्या कुरणात उतरायचं?

"जरा लांब दाखवा," मी म्हणालो.

मी निवडली ती १६५ ची. माझ्या डोक्याच्याही वर तिचं टोक जात होतं. दुकानदार म्हणाला, "लंबी है साब, भागेगी." मी म्हणालो, "भागने दो." लेक खिडकीतून बाहेरचं बर्फ पाहत होती.

शिकणाऱ्याला पहिल्यांदा नांगर शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागच्या शेपट्या फाकवायच्या, गुडघे वाकवायचे. मग बर्फात आतल्या कडा रुतून वेग मारला जातो. लेकीला ते दहा मिनिटांत जमलं. माझ्या पुढे मात्र त्या दोन लांब पाट्या अशा पसरलेल्या, की टोकं जवळ आणायला जावं तर ती एकमेकांवर चढत. पहिले तीन वेळा पडलो ते हसत. चौथ्या वेळी पडलो ते अगदी सावकाश, जवळजवळ उभ्या उभ्याच, आणि तेव्हाच उजवा गुडघा पिळला. बूट स्कीतून सुटला नाही. एक स्की बर्फात अडकलेली, पाय तिच्यात अडकलेला आणि मी त्याच्या विरुद्ध दिशेला वळलेला. लेक वरून नांगर घालत खाली आली, माझ्या टाचेमागची कळ काठीने दाबून तिने पाय सोडवला, आणि शेजारी बसून म्हणाली,

"बाबा, तुम्ही त्याला खोटं का सांगितलंत?"

वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाला मी हाच प्रश्न याच शब्दांत विचारतो. त्याला उत्तर नसतं, हे मला अनुभवाने माहीत आहे. तरी विचारतो. तिच्या आवाजात राग नव्हता. भीती होती. आणि पंधरा वर्षांत तिला माझ्यासाठी भ्यालेली मी प्रथमच पाहत होतो.

बूट का सुटला नाही, ते संध्याकाळी कळलं. बूट आणि स्की यांना जोडणारा जो खटका असतो, तो ठरावीक जोर आला की आपोआप उघडावा, अशी त्याची योजना असते. तो किती जोराला उघडायचा, हे माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याची स्की करण्याची तऱ्हा पाहून लावतात. वेगाने जाणाऱ्या तरबेज माणसाचा खटका घट्ट लागतो. नाहीतर भर वेगात तो भलत्या क्षणी उघडेल. नवख्याचा सैल लागतो, कारण नवखा माणूस सावकाश पडतो आणि सावकाश पडण्यात तेवढा जोर नसतो. माझ्या 'थोडा-बहुत'वर विश्वास ठेवून त्या भल्या माणसाने खटका एक पायरी घट्ट लावला होता. चूक सगळी माझी होती.

गुडघ्याला पट्टी बांधून मी दुकानात गेलो आणि सारं खरं सांगितलं. वजनसुद्धा, त्यातूनही मी सहा किलो लपवले होते. तो हसला नाही. त्याने मला बुखारीजवळ बसवलं, नून चहा दिला, आणि भिंतीवरच्या स्की एकेक काढून मला एक धडा दिला. इतका नीट धडा मी स्वतः कधी दिला असेन, असं वाटत नाही.

उंची ही नुसती सुरुवात, तो म्हणाला. शिकणाऱ्याला हनुवटीपर्यंत. वळणं जमू लागली की नाकापर्यंत. वेगाने जाणाऱ्याला किंवा वरच्या खोल बर्फात उतरणाऱ्याला कपाळापर्यंत, कधी डोक्यावरूनही. लांब स्कीची धार बर्फाला जास्त लांबवर धरते, म्हणून वेगात ती डळमळत नाही. पण वळायला ती जड. आखूड स्की चटकन वळते, मात्र वेग वाढला की थरथरते. मग वजन. खरं पाहता स्कीला तुमची उंची ठाऊकच नसते, तिला फक्त तुमचा भार कळतो. त्याच उंचीचा जाड माणूस तिला अधिक वाकवतो, म्हणून त्याला थोडी लांब किंवा थोडी ताठ लागते. सडपातळ माणसाला आखूड. आणि शेवटी, जायचं कुठे? गोंडोला अफरवटच्या खांद्यावर नेतो, तिथे बर्फ कमरेइतकं भुसभुशीत असतं. त्यावर तरंगायला रुंद आणि लांब स्की हवी. अशा स्कीची टोकं होडीसारखी वर उचललेली असतात. तिचा सगळा भाग कठीण बर्फाला टेकत नाही, त्यामुळे ती पाच-दहा सेंटिमीटर लांब घेतली तरी हाताळायला आखूडच वाटते.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. गुडघा दुखत असला की माणसाला वाचायला वेळ मिळतो.

माझं मन रमलं ते नॉर्वेत. तिथे आणि शेजारच्या मुलखांत एके काळी दोन पायांना दोन मापांच्या स्की घालत. एका पायात लांब, घसरत जायला. दुसऱ्या पायात आखूड, बहुधा कातडं लावलेली, रेटा द्यायला. सपाटीवर चालत जायच्या स्की तिथे आजही डोक्यापेक्षा वीतभर लांब घेतात, आणि त्यांचं माप तर कागदाने ठरतं. ही स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहावं आणि कमानीखाली कागद सरकवावा. तो सहज सरकला पाहिजे. मग सगळा भार एका पायावर घ्यावा. आता तो कागद दबून बसला पाहिजे. पहिल्यांदाच दबला तर स्की तुमच्या भाराला मऊ. दुसऱ्यांदाही सरकला तर ताठ. उंचीचं नावसुद्धा निघत नाही.

त्याच देशात तेलेमार्क प्रांतात मोर्गेदाल नावाच्या गावी सोंद्रे नोरहाइम नावाचा एक गरीब कूळ होता. त्याने स्की आखूड केली, मध्ये तिला किंचित कंबर काढली आणि टाच बांधायला झाडाच्या मुळ्यांचा पीळ केला. १८६८ साली तो राजधानीच्या शर्यतीत उतरला आणि शहरवाले त्याची वळणं पाहतच राहिले. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. (हा आकडा मी लेकीला मुद्दाम वाचून दाखवला.) पुढे शंभर वर्षांनीही माप सांगण्याची रीत होती ती अशी : हात सरळ वर करा, मनगटापर्यंत येईल ती तुमची स्की. त्या हिशेबाने मला दोन मीटरच्या आसपासची मिळाली असती! अमेरिकेत क्लिफ टेलर नावाच्या शिक्षकाने मात्र त्याच सुमारास नवख्यांना अगदी आखूड स्कीवर उभं केलं, आणि जमेल तसतशी लांबी वाढवत नेली. शिक्षक म्हणून मी त्याला मनोमन हात जोडले. मग १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कारखान्याने स्कीची कंबर चांगलीच बारीक केली. अशी स्की कडेवर कलती केली की भाराखाली धनुष्यासारखी वाकते आणि आपणच कमान काढत वळते. पकड आली ती या वाकण्यातून. मग ती लांबीतून मिळवायची गरज उरली नाही. काही वर्षांतच सगळ्या दुकानांतल्या स्की वीतभराने खुज्या झाल्या.

आणि माझ्या पायातली ती १६५? ऑलिंपिकमध्ये स्लालमच्या शर्यतीत पुरुषांना जी सर्वांत आखूड स्की चालते, ती नेमकी १६५ सेंटिमीटरची. बायकांना १५५. सहाफुटी गडी त्या नागमोडी वाटेवर १६५ घालून उतरतात, आणि तेच सरळ वेगाच्या शर्यतीला २१८ च्या आत उतरू शकत नाहीत. माणूस तोच, उंची तीच. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारतातर्फे एकटा गेलेला आरिफ खान हा याच गुलमर्गच्या बर्फावर घडला. जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला. त्या मापाची स्की मी भाड्याने घेऊन नांगर घालत होतो!

हा दोष माझा जुनाच आहे, हे कबूल करतो. तिशीत मी माझी पहिली कादंबरी साडेपाचशे पानांची लिहिली. का, तर मोठ्या लेखकांच्या कादंबऱ्या तेवढ्या असत. शंभराव्या पानाच्या आसपास तिची टोकं एकमेकांवर चढली. प्रकाशकाने ती परत केली तेव्हा मी त्याला बरीच वर्षं बुटक्या मनाचा म्हणत असे.

एक दिवस विश्रांती घेऊन मी पुन्हा उतारावर गेलो. हनुवटीच्या जरा वर येणारी १४५, खटका सैल. नांगर लागला. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, पडलो, आणि पडताना बूट कसा टपकन सुटला! त्या आवाजाने झालेला आनंद मला वळण घेतल्यानेही झाला नाही. लेक आता माझ्या पुढे नव्हती, मागून येत होती. माझ्यावर लक्ष ठेवायला. हे मला कळलं, आणि मी ते चालू दिलं.

पाचव्या दिवशी तिच्या शिक्षकाने तिला १५५ ची स्की दिली आणि गोंडोल्यातून वर कोंगडोरीला नेलं. मी खाली चहाच्या टपरीपाशी माझी स्की बर्फात रोवून दोन नून चहा सांगून बसलो. झाडांतून येणाऱ्या प्रत्येक ठिपक्याकडे मी पाहत होतो, आणि प्रत्येक ठिपका ती नव्हे असं निघत होता. शेवटी एक निघाला. मोठमोठी वळणं घेत ती आली, थांबली, आणि तिने आपली स्की माझ्या स्कीशेजारी रोवली. आता चांगलं पाच बोटांचं अंतर होतं.

"किती वेळा पडलीस?" मी विचारलं.

"दोनदा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "चारदा."

मी तिचा पेला पुढे सरकवला.